तिसऱ्यांदा कडेला

"आई, मी कडेला आहे," मागच्या दारात उभी राहून भार्गवी म्हणाली.

तिच्या सासूबाई, तुंगाबाई, खिरीच्या दुधावर नजर ठेवून उभ्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. गॅस बारीक केला, पातेल्यावर पळी आडवी ठेवली आणि मग विचारलं, "आज?"

"आत्ताच कळलं."

"मागच्या वेळीही आत्ताच कळलं होतं."

पाळीच्या चार दिवसांत बायकांनी बसायची खोली कन्नड मुलखातल्या या घरात अजून होती, मागच्या पडवीत, न्हाणीला लागून. भार्गवी तिथं गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. चौऱ्याण्णव सालच्या श्रावणातला तो रविवार होता, आणि सकाळचे जेमतेम सव्वासात वाजले होते.

भार्गवीच्या मुलाचं, ध्रुवचं, उष्टावण तिसऱ्यांदा मोडत होतं. सहाव्या महिन्यात पहिला मुहूर्त काढला तेव्हा त्याची आई कडेला बसली. पंधरा दिवसांनी दुसरा काढला, ती पुन्हा कडेला बसली. साताऱ्याहून आलेला मुलाचा मामा दोन्ही वेळा हात हलवत परत गेला आणि या खेपेला त्यानं नुसतं कार्ड टाकून आशीर्वाद कळवले. सातवा महिना मुलाला चालत नाही, म्हणून आठवा लागायची वाट पाहिली. आईनं सोवळ्यानं पाटावर बसायचं, मुलाला मांडीवर घ्यायचं, पूजा आणि होम होईपर्यंत उठायचं नाही आणि मग सोन्याच्या अंगठीनं त्याच्या जिभेवर खीर लावायची, ही या घराची रीत. तोवर मुलाच्या पोटात अन्न जायचं नाही. पोर बिचारं किल्ल्या, उशीचा कोपरा, आजोबांचा चष्मा, मिळेल ते चावत होतं. आजोबा, म्हणजे गुंडूराव, पेपरच्या आड त्याला कॉफीत बुडवलेलं बिस्किट चाखवत. तुंगाबाईंना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि या घरात न पाहिलेली गोष्ट झालेली नसते.

दुधाखालचा गॅस बंद करून तुंगाबाई स्वयंपाकघराच्या दाराआडच्या कॅलेंडरपाशी गेल्या. सून कडेला बसली की त्या दिवशी पेन्सिलीनं बारीक फुली मारायची ही त्यांची सवय. जुलैच्या पानावर तीन ठिकाणी फुल्या होत्या. ऑगस्टमध्ये ही दुसरी. अंगावर पिणारं मूल असताना बाईला वर्षवर्ष पाळी येत नाही, त्यांना स्वतःला नव्हती आली, आणि हिला महिन्यातून तीन वेळा. ही पाळी नव्हे, अंगावर जातंय, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. त्यांच्या लेकीनं, रत्नाबाईनं, तो उचलून धरला होता. आपल्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये शब्द टाकून तिनं दिवसही ठरवला होता. आज सकाळी उष्टावण, संध्याकाळी दाखल व्हायचं, सोमवारी ऑपरेशन. पिशवी काढून टाकायची. प्राणेशनं, भार्गवीच्या नवऱ्यानं, शुक्रवारी फॉर्मवर सही केली होती.

भार्गवी सव्वीस वर्षांची होती.

* * *

खोलीत एक चटई, एक तांब्या, कोपऱ्यात कपड्यांची दोरी आणि भिंतीत उंचावर एक झरोका, एवढंच. भार्गवी चटईवर कुशीवर झाली. बसण्यापेक्षा असं पडलं की तिला बरं वाटे.

तिला पाळी आलेली नव्हती. बाळंतपणानंतर ती एकदाही आलेली नव्हती.

जानेवारीत साताऱ्याला ती बाळंत झाली. चार किलोंचं मूल, चिमटा लावून ओढून काढलेलं. खूप फाटलं होतं, टाके घातले होते. "भरून येईल," असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि तिच्या आईनं शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं केलं. टाके वरून भरून आले. पण खोकलं की परकर ओला व्हायला लागला. हसलं की, मुलाला उचललं की, पायरी चढली की. तेवढंच असतं तर तिनं निभावून नेलं असतं, कितीतरी बायका निभावतात. दुसरी गोष्ट मात्र निभावण्यातली नव्हती. संडासची भावना झाली की तिच्याजवळ दहा पावलांचा वेळ नसे. कधी भावनाच होत नसे, नुसतं झाल्यावर कळे. वारा आपोआप सरे, तिला विचारत नसे. एप्रिलमध्ये सासरी परत आल्यापासून ती परकराच्या आत जुन्या धोतराच्या घड्या बांधून वावरत होती, दिवसातून सहा वेळा धूत होती आणि कुठंही गेली तरी आधी संडास कुठं आहे ते बघून ठेवत होती.

घड्या बांधून घरात वावरता येत होतं. सोवळ्यात येत नव्हतं. तुंगाबाईंच्या सोवळ्यात शिवलेलं कापड चालत नसे, परकर नाही, पोलकं नाही, आतलं तर काहीच नाही. न्हाऊन, काठीवर वाळत घातलेलं एक लुगडं नेसायचं आणि पाटावर बसायचं, वीस नातेवाइकांच्या मध्ये, दोन तास.

ध्रुवला टोचून आणायचं निमित्त करून ती मे महिन्यात एकटीच एका सरकारी दवाखान्यातल्या बाईडॉक्टरांना दाखवून आली होती. त्यांनी नीट तपासलं. मागच्या बाजूचा स्नायू बाळंतपणात तुटलाय आणि टाके नुसते कातडीला पडलेत, असं त्या म्हणाल्या. तो पुन्हा शिवता येतो, पूर्ण बरं होईल अशी खात्री देत नाही, पण खूप फरक पडतो. तोवर रोज आवळून धरायचा व्यायाम. पिशवी उत्तम आहे. "नवऱ्याला घेऊन या," एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

तिनं त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं होतं. जगात त्याला एकट्यालाच. तेव्हापासून ती वाट बघत होती. अक्कांनी, नणंदेनं, नर्सिंग होम ठरवलं तेव्हा तिला वाटलं, आता हे बोलतील. तारीख ठरली तेव्हा वाटलं, आता बोलतील. शुक्रवारी त्यांनी सही केल्याचं तिला सासऱ्यांकडून कळलं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण आपलं तोंड आपणच दाबून धरलंय, याचा भार्गवीला आता संताप आला होता.

* * *

पुढच्या खोलीत रघुपतीआचार्य दर्भ मोडत बसले होते. पाहुण्यांपैकी निम्मे आले होते, निम्मे रिक्षात होते. प्राणेश रेशमी सोवळं नेसून, मुलाला घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"काय म्हणते तुझी आई?" गुंडूरावांनी त्याच्याजवळ येऊन हळू विचारलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सगळंच हळू विचारत.

"भार्गवी कडेला बसलीय."

"पुन्हा?" गुंडूरावांनी ध्रुवला आपल्याकडं घेतलं. "अरे, माणसाच्या अंगात रक्त असतं किती? आणि उद्यापर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच नेऊया."

"नको, अण्णा. एवढं काही..."

"एवढं काही नाही, तर पिशवी कशाला काढतोयस?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका म्हणीवर प्राणेशचं आजवरचं आयुष्य नीट चाललं होतं. शाळेत नापास झाल्याचं त्यानं असंच झाकलं होतं, कारखान्यात मिळालेला मेमोही. मे महिन्यात भार्गवी रडत रडत सगळं सांगत होती तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं आईचं देवघर उभं राहिलं होतं. तो म्हणाला होता, "आईला कळू देऊ नको. अवघड वेळ आली की कडेला आहे म्हण. चार दिवस तुला कुणी शिवणार नाही, काही विचारणार नाही." तेव्हा ती युक्ती त्याला फारच हुशारीची वाटली होती. आई फुल्या मारते हे तो विसरला होता.

मग त्या फुल्यांचा आजार झाला आणि आजाराची तारीख ठरली. सही करताना त्यानं स्वतःची समजूत घातली, डॉक्टर तपासतीलच की, टेबलावर घेतल्यावर त्यांना खरं काय ते दिसेल, जे शिवायचं ते शिवतील. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. त्याला लाज वाटत होती, आणि ती बायकोच्या दुखण्याची होती की स्वतःची, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं.

"अय्यो, पुन्हा?" दारातूनच रत्नाबाईचा आवाज आला. शहराबाहेरच्या येलहंक्याहून दोन बस बदलून आल्यानं तिची साडी चुरगळली होती. हातातली सीताफळांची पिशवी तिनं खाली ठेवली. "कुठाय ती?"

"मागच्या खोलीत. अक्का, तू जाऊ नको," प्राणेश म्हणाला.

"मी अजून न्हायले नाही, मला कसला विटाळ?"

"अक्का, नको म्हटलं ना."

रत्नाबाईनं धाकट्या भावाकडं एकदा पाहिलं. त्याला तिनं कडेवर वागवलं होतं. तो चोरून साखर खायचा तेव्हा असाच दारात आडवा उभा राहायचा.

"सरक," ती म्हणाली.

* * *

एकेचाळीस वर्षांच्या रत्नाबाईला मूल नव्हतं. लग्नानंतर बारा वर्षं तिच्या अंगावरून जात राहिलं आणि एकतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. त्यानंतर ती माणसात आली, जिना चढू लागली, जेवू लागली. त्यामुळं भावजयीसाठी ती करत होती ते मनापासून होतं. त्याच डॉक्टरांकडं नेऊन आपण हिला वाचवतोय, अशी तिची खात्री होती.

ती खोलीत जाऊन चटईवर बसली. "ऊठ. बघू दे मला."

"अक्का, काही नाही. पडून राहिलं की बरं वाटतं."

"किती जातंय?"

"जातंय."

"हात दाखव."

भार्गवीनं हात पुढं केला. रत्नाबाईनं नखं पाहिली, ती गुलाबी होती. मग अंगठ्यानं भार्गवीची खालची पापणी ओढली. आतून लालभडक. रत्नाबाईची पापणी त्या दिवसांत कागदासारखी पांढरी असे.

तिनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात दोरीवर एक साडी टाकली होती आणि साडीखाली धोतराच्या घड्या वाळत होत्या. सात-आठ असतील. रत्नाबाईनं त्यातली एक उचलून झरोक्याच्या उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी. सुती कापडावरचा रक्ताचा डाग पुरता कधी जात नाही, तपकिरी कडा राहतेच. बारा वर्षं तिनं तेच धुतलं होतं. या घड्यांवर तशी कडा कुठंच नव्हती.

"तुला काही होत नाही," ती सावकाश म्हणाली.

"अक्का..."

"तुझ्या अंगावरून थेंबभर जात नाही. भार्गवी, मी डॉक्टरांच्या हातापाया पडून तारीख मिळवली. आई तीन महिने झोपली नाही. आणि तू इथं येऊन खोटं बोलून पडून राहतेस? कशासाठी? सैपाक नको म्हणून? माझ्या भावाजवळ जायचं नाही म्हणून?"

"हळू बोला हो, बाहेर माणसं आहेत."

"माणसांनाच कळू दे!" रत्नाबाईचा आवाज चढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही तिला राग आला. "आई! आई, इकडं ये. तुझी सून धडधाकट आहे!"

* * *

तुंगाबाई पडवीत आल्या. त्यांच्या मागं प्राणेश, त्याच्या मागं ध्रुवला कडेवर घेतलेले गुंडूराव. पाहुणे पुढच्या खोलीतच थांबले, पण त्यांचं बोलणं एकाएकी थांबलं होतं. भार्गवी खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती.

"खरं आहे?" तुंगाबाईंनी विचारलं.

"हो," भार्गवी म्हणाली.

"कडेला नाहीस तू?"

"नाही."

"मागच्या वेळी?"

"तेव्हाही नव्हते."

तुंगाबाईंचा चेहरा बदलला नाही. चिडल्यावर त्या जास्तच शांत होत. "सरी, ठीक. मग आंघोळ कर, सोवळं नेस आणि पाटावर बस. अजून तास आहे. बाकीचं नंतर बोलू."

"मला बसता येणार नाही, आई."

"का?"

भार्गवीनं सासूकडं पाहिलं नाही. ती नवऱ्याकडं बघत होती. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

प्राणेशनं खाली पाहिलं. "भार्गवी, आत्ता नको. पाहुणे आहेत."

"उद्या सकाळी माझी पिशवी काढणार आहेत. मग कधी?"

"मी डॉक्टरांशी बोलणार होतो..."

"कधी? मला झोपवल्यावर?"

भार्गवी सासूकडं वळली आणि एका दमात म्हणाली, "मला लघवी धरवत नाही आणि संडासही धरवत नाही. ध्रुवच्या वेळी आतून फाटलं तेव्हापासून. खाली घड्या बांधते मी. सोवळ्यात घड्या चालत नाहीत. दोन तास मी पाटावर बसले आणि तिथंच झालं तर? म्हणून मी कडेला आहे म्हणते. पिशवीला काही झालेलं नाही, मी डॉक्टरांना दाखवून आले. मागचा स्नायू तुटलाय. तो शिवतात म्हणे."

सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचे हे शब्द नव्हते. गुंडूराव दोन पावलं मागं सरले, मग तिथंच थांबले आणि नातवाच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

रत्नाबाईच्या हातात अजून ती घडी होती. तिनं ती दोरीवर परत ठेवली आणि नीट पसरली. "मला तरी खरंच जात होतं," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आणि कडेला आहे म्हणायचं, हे तुझंच डोकं?" तुंगाबाईंनी विचारलं.

एवढं झाल्यावरही नवऱ्याचं नाव भार्गवीच्या जिभेवर येईना. पण तिची नजर त्याच्याकडं गेलीच, आणि तुंगाबाईंना नजरा वाचता येत होत्या.

"प्राणेश, तुला माहीत होतं?"

"आई..."

"हो की नाही एवढंच सांग."

"हो. मीच म्हटलं तिला, तसं सांग म्हणून."

"का?"

"तुझ्यासाठीच ना! तुझं सोवळं..." प्राणेश आता घाईघाईनं बोलू लागला. "तुला कळलं असतं तर तू तिला सैपाकघरात येऊ दिलं असतंस? देवघरात? विटाळ चौथ्या दिवशी तरी फिटतो. हे रोजचंच. तू तिला कायमची बाहेर बसवली असतीस. मला घरात तमाशा नको होता."

"म्हणून तू पिशवी काढायच्या कागदावर सही केलीस."

"मला वाटलं..."

"माझ्या सोवळ्याला भिऊन बायकोचं पोट कापायला निघालास," तुंगाबाई म्हणाल्या, "आणि वर माझं नाव सांगतोस."

* * *

तुंगाबाईंना इतका राग बऱ्याच वर्षांत आला नव्हता. मुलानं आपल्याला वाईट ठरवलं म्हणून तो नव्हता. मुलगा बोलला त्यात काही खोटं नव्हतं, म्हणून होता. मे महिन्यात हे कळलं असतं तर त्यांनी भार्गवीला खरंच बाहेर ठेवलं असतं. पाणी वेगळं, ताट वेगळं, देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून नमस्कार. कुणी विचारलं असतं तर रीत म्हणून सांगितलं असतं आणि रात्री त्यांना शांत झोपही लागली असती. हे त्यांना आतून पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच फुल्या मोजून त्यांच्याच घरानं एका धडधाकट पोरीची पिशवी काढायची तयारी केली होती. फुल्या मारताना त्या दुखणं मोजत नव्हत्या, विटाळ मोजत होत्या. चार महिन्यांत एकदाही त्यांनी सुनेला विचारलं नव्हतं, तुला काय होतंय गं?

"तुंगा," गुंडूराव हळूच म्हणाले, "तो नर्सिंग होमचा फोन नंबर कुठाय?"

"रत्नाकडं."

रत्नाबाईनं पर्समधून चिठ्ठी काढली. "अण्णा, मी करू का? माझी ओळख आहे."

"नको. तू सारवासारव करशील. मी नुसतं सांगतो, येत नाही म्हणून." त्यांनी ध्रुवला तिच्याकडं दिलं आणि ते पुढं गेले. निवृत्तीनंतर त्यांना कुणी इतक्या भरभर चालताना पाहिलं नव्हतं.

"मंगळवारी तिच्या त्या डॉक्टरीणबाईंकडं जायचं," तुंगाबाई प्राणेशला म्हणाल्या. "तू रजा काढायची. आणि तिथं तोंड उघडून बोलायचं."

"सरी, आई."

"आता तू." त्या भार्गवीकडं वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला नव्हता. तो त्यांना तसा करताही येत नसे. "आंघोळ कर."

"आई, मी सांगितलं ना, मला..."

"ऐकलं मी. बहिरी नाही. आंघोळ केली की माणूस सोवळ्यात येतं. मध्येच काही झालं तर ऊठ, पुन्हा आंघोळ कर, पुन्हा बस. दहा वेळा झालं तर दहा वेळा. सोवळ्याची चार लुगडी वाळलीत, कमी पडली तर माझी आहेत."

"त्या सगळ्यांच्या मधून? पुढच्या खोलीतून इथंवर?"

तुंगाबाईंनी पडवीकडं पाहिलं, मग न्हाणीच्या दाराकडं. मधलं अंतर पाच पावलं.

"आचार्य!" त्यांनी हाक मारली.

रघुपतीआचार्य दर्भ हातात घेऊन आले.

"पाट इथं मांडा. होम इथंच."

आचार्यांनी न्हाणीकडं पाहिलं, तिला लागून असलेल्या संडासकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कडू झाला. "तुंगाबाई, एनु हे, काय हे? देवाचं कार्य. जागा शुद्ध नको का?"

"शेणानं सारवून देते."

"अहो, पण संडासच्या दारात..."

"आईच्या मांडीवर बसल्याशिवाय मुलाला अन्न द्यायचं नाही, हे तुमच्याच शास्त्रात ना? आईला इथंच बसता येतं. मग देवाला इथं यावं लागेल. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मंत्र मला पाठ आहेत."

ते खोटं होतं. निम्मे पाठ होते. आचार्य शिष्टाचार म्हणून एकदा पुटपुटले आणि समिधा आणायला वळले.

दहा वाजायला पाच मिनिटं कमी असताना सगळी मंडळी मागच्या पडवीत दाटीवाटीनं बसली. कुणी काही विचारत नव्हतं, पण बघत सगळे होते. एक चुलत आत्या दुसरीच्या कानाला लागली, तेव्हा रत्नाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की ती खोकत सरळ बसली. भार्गवी तुंगाबाईंचं हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. अंगाला चिकटलेलं ते एकच वस्त्र, आत काही नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. ध्रुव मांडीवर उसळत होता आणि त्याच्या प्रत्येक उसळीबरोबर ती श्वास रोखून धरत होती. शेजारी प्राणेश नाकासमोर बघत बसला होता.

पुण्याहवाचन झालं. होमाला सुरुवात झाली. धूर झाला, कुणाला तरी ठसका लागला, आणि तो ठसका भार्गवीलाही लागला. तिनं दाबला. पुन्हा आला.

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं ध्रुवला उचललं आणि सासूकडं पाहिलं. तुंगाबाईंनी हात पुढं करून मुलाला घेतलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

भार्गवी उठली. लुगड्याचा मागचा भाग मुठीत धरून, वीस माणसांच्या देखत ती पाच पावलं चालली आणि न्हाणीचं दार लागलं. मंत्र म्हणता म्हणता आचार्य अडखळले. आहुतीची पळी हातात तशीच राहिली.

"थांबा," तुंगाबाई म्हणाल्या. "ती येईपर्यंत थांबायचं." मग त्यांनी लेकाकडं न बघताच म्हटलं, "प्राणेश, हंड्यातलं कडत पाणी दे तिला."

"मी? आई, मी सोवळ्यात..."

"तीही सोवळ्यातच होती."

प्राणेश उठला. पडवीच्या कोपऱ्यातल्या हंड्याखालचा जाळ लालबुंद होता. त्यानं बादली भरली, दाराशी नेली, खाली ठेवली आणि दारावर बोटानं टकटक केली. "बाहेर ठेवलंय," तो दबक्या आवाजात म्हणाला आणि वळला.

दार हातभर उघडलं.

"बाहेर ठेवू नका," आतून भार्गवीचा आवाज आला. तो सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा होता. "मला वाकता येत नाहीये, वाकलं की पुन्हा होतं. आत या. मला धुवायला मदत करा."

प्राणेशनं मागं वळून आईकडं पाहिलं. ती नातवाला खुळखुळा दाखवत होती. त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती होमाकडं बघत होती. मग त्यानं रेशमी सोवळं गुडघ्यापर्यंत वर खोचलं, बादली उचलली आणि सगळ्यांच्या देखत तो आत गेला.